सावेताच्या वर्षश्राद्धाला कोर्नेलचं मत

सकाळी, मेंढवाड्यात: झाडं तोडायची नाहीत

हे मत अगदी पक्कं होतं. मेंढ्यांसमोर कोर्नेल मोशोयूची सगळीच मतं पक्की असत. धार काढता काढता त्यानं ते मोठ्यानं म्हणून पाहिलं, आधी साधं, मग बादलीवर हात आपटून. तेव्हा मेंढी दचकली आणि त्यानं तिची माफी मागितली.

आईला, सावेताला, जाऊन आज वर्ष झालं होतं. चर्चमधली प्रार्थना, मग अंगणात जेवण, मग गावाला दान. आणि गाव उठून गेलं की त्याच टेबलाशी तिघा भावंडांनी बसून ठरवायचं होतं की मोशोयूंचं चीज यापुढं कशात बांधायचं. व्हिएन्नाच्या दुकानवाल्यांनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, सप्टेंबरपासून प्लास्टिक चालणार नाही. थोरला ओक्तावियान डेअरी चालवायचा; तो म्हणत होता, खड्ड्यात गेली व्हिएन्ना. धाकटी लेओन्तिना ब्राशोवला बसून माल विकायची. ती म्हणत होती, व्हिएन्ना गेली तर खड्ड्यात आपणच जाऊ. मधला कोर्नेल काहीच म्हणत नव्हता, म्हणून निर्णय त्याच्यावर आला होता.

मोशोयूंचं चीज फर नावाच्या झाडाच्या सालीत येतं हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक आहे. मीठ घालून मळलेलं मेंढीचं चीज, सालीची नळकांडी, दोन्ही टोकांना सालीच्याच चकत्या, शिवलेल्या. पण हल्ली सालीच्या आत एक प्लास्टिकची पिशवी असे, आणि सालीच्या बाहेर दुसरी, हवा काढून आवळलेली. साल आता चीजचा सदरा राहिला नव्हता, सदऱ्याचं चित्र झालं होतं. त्यामुळं कसलीही साल चाले, ठिगळाची, तडकलेली, कुठून कुठून जमवलेली. कोर्नेलची मुलगी क्रिना म्हणत होती, दोन्ही पिशव्या काढून टाका. मग मात्र साल जाड, ताजी आणि अखंड हवी. आणि अखंड साल सुटते ती फक्त झाडात रस चढलेला असताना, जूनच्या शेवटापर्यंत. सॉमिलवरचे ओंडके हिवाळ्यात तोडलेले असतात, त्यांची साल कुऱ्हाडीनंही निघत नाही. म्हणजे झाडं आता पाडायची. आणि अशी उभी, जाड, सरळ फरची झाडं होती ती वरच्या माळावरच्या राईत. ती राई कोर्नेलच्या वाट्याची.

दुपारी मेंढ्या तिथं रवंथ करत बसत आणि त्यांच्यामध्ये कोर्नेलही बसे, रवंथ सोडून बाकी सगळं त्यांच्यासारखंच करत. तिथं कधी काही घडत नसे, म्हणून तर त्याला ती जागा आवडायची. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

आणि तरी राई देऊ केली होती त्यानंच.

जानेवारीत क्रिना क्लूजची नोकरी सोडून घरी आली. स्वयंपाकघरात गवताच्या लगद्याचे डबे थापून भट्टीत वाळवत बसायची. चीजमधलं मीठ आणि चरबी मिळून ते डबे आठवडाभरात खाऊन टाकत; खालून बूड गळून पडे. एक दिवस तिनं हात पुसले आणि म्हणाली की ग्राझच्या प्रयोगशाळेनं बोलावलंय, इथं काही जमणार नसेल तर जावं म्हणते. कोर्नेलची बायको वेतुरिया म्हाताऱ्यांची सेवा करायला इटलीला गेली ती रविवारच्या फोनपुरती उरली होती. घरात मग तो आणि त्याचे वडील इलारी, म्हणजे आबा. आणि आबा बोलायचे फक्त रेडिओशी. तेव्हा कोर्नेल पटकन म्हणून गेला, "वरची राई घे ना. हवी तेवढी साल काढ."

त्याला वाटलं होतं, नाही म्हणायला ओक्तावियानदादा आहेच.

चर्चच्या पायऱ्यांवर: तोडायची

क्रिना काळ्या कपड्यांत मेणबत्त्यांचा गठ्ठा छातीशी धरून उभी होती. तिनं बाबांना बाजूला घेतलं आणि सांगितलं की आजच्या दानासाठी तिनं स्वतः डबे शिवलेत, नुसत्या सालीचे, आत-बाहेर काही नाही. ते टेबलाच्या उजव्या अंगाला ठेवलेत. दान त्यातलंच द्यायचं.

मेलेल्या माणसाचं नाव घेऊन, मेणबत्ती लावून जे दुसऱ्याच्या हातात ठेवतो ते तिकडं, परलोकात, त्या माणसाला पोचतं, असं इथं सगळेच धरून चालतात. म्हणून कुणी फुटका कप दान देत नाही. आणि दिलेलं परत मागत नाही, कारण ते आता घेणाऱ्याचंही नसतं, तिकडच्याचं असतं.

"तुझा कुठं विश्वास आहे असल्यावर?" कोर्नेल म्हणाला.

"माझा नाही. पण आजीचा होता ना. तिला तिकडं पिशवी कापायला कात्री कोण आणून देणार?"

कोर्नेलला हसू आलं. चर्चच्या पायरीवर हसू नये म्हणून त्यानं तोंडावर टोपी धरली. आईला खरंच कात्री कधी वेळेवर सापडली नव्हती. क्रिना पुढं सांगत होती की ग्राझला सोमवारी उत्तर द्यायचंय, आज इथं ठरलं तर ती त्यांना नाही म्हणून कळवेल. मग जरा थांबून म्हणाली, "तुम्ही राई दिलीत म्हणून हे होतंय, बाबा. दुसऱ्या कुणी दिली नसती."

अशा वाक्यानंतर माणसाचं दुसरं काय मत होणार?

चर्चच्या मागं: तोडायची नाहीत, आणि आपल्याला तसं बोलावंही लागणार नाही

ओक्तावियान टाय सैल करत भिंतीच्या सावलीत उभा होता. टायनं त्याचा गळा आणि क्रिनाच्या डब्यांनी त्याचं डोकं, दोन्ही आवळलं होतं. पोरगी समुद्र वाचवायला निघालीय आणि त्यासाठी आमचा डोंगर बोडका करणार, असं त्यानं सुरुवातीलाच सांगून टाकलं. प्लास्टिकमधलं चीज हिवाळाभर टिकतं. उघड्या सालीतलं सुकतं, त्याला वरून बुरशी धरते, ती खरवडून खायला व्हिएन्नाच्या बायकांना शिकवायला कोण जाणार, तू? आणि आज दानासाठी त्यानं डेअरीतले डबे आणलेत, नीट आवळलेले, ते टेबलाच्या डाव्या अंगाला ठेवलेत. दान त्यातलंच द्यायचं.

"आईनं जन्मभर चीज मळलं. तिला काय तिकडं बुरशी पाठवायची?"

"नको," कोर्नेल म्हणाला.

"मग डाव्या अंगाचे."

"डाव्या अंगाचे."

आणि त्याच्या जिवात जीव आला. कसं होणार ते त्याला दिसू लागलं. संध्याकाळी तो क्रिनाच्या बाजूनं हो म्हणेल. ओक्तावियान आरडाओरडा करेल. लेओन्तिना रडेल. आबा रेडिओ लावतील. मग विषय असाच लोंबकळत राहील, जून संपेल, रस उतरेल, आणि साल पुढच्या वर्षापर्यंत झाडाला घट्ट चिकटून बसेल. कोर्नेलच्या वाटणीचं 'नाही' कायम ओक्तावियाननंच म्हटलेलं होतं. लहानपणी शेजाऱ्यानं कुत्रं मागितलं तेव्हाही, आणि सहकारी कुरणात मेंढ्या मिसळायचं निघालं तेव्हाही. फक्त वेतुरियाची इटलीची तयारी चालली होती तेव्हा ओक्तावियान आजारी होता. कोर्नेल वाट पाहत राहिला होता, कुणीतरी नाही म्हणेल म्हणून. कुणी म्हणालं नाही.

स्वयंपाकघरात: तोडायची, बहुतेक

लेओन्तिना कोबीच्या पानांत भात आणि खिमा गुंडाळत होती. बहिणीचा हात चालू असला की तोंडही चालू असतं. तिनं एक गुंडाळी त्याच्या नाकासमोर धरली.

"हे बघ. ह्याला म्हणतात पॅकिंग. आतलंही खा, बाहेरचंही खा, मागं काही उरत नाही. ह्याच्या पुढं कुणाची अक्कल पोचलीय का? पण चीज कोबीत बांधून व्हिएन्नाला पाठवता येत नाही, तेव्हा साल. तू हो म्हणणार ना?"

"बघू."

"बघू म्हणजे?"

"म्हणजे हो."

"नीट सांग रे, कोर्नेलदादा. तुझ्या 'बघू'वर मी गेल्या वर्षी ब्राशोवमधलं दुकान सोडणार होते."

तो म्हणाला, हो म्हणजे हो. लेओन्तिनानं समाधानानं गुंडाळी पातेल्यात बसवली आणि सांगितलं की मग काही अडचणच नाही, ओक्तावियानदादाशीही ती आत्ताच बोललीय, लाकडाचं त्याच्या लक्षातच आलं नव्हतं, आता आलंय. कसलं लाकूड, असं कोर्नेलनं विचारायला हवं होतं. पण तेवढ्यात बाहेरून कुणीतरी मीठ मागितलं आणि मीठ घेऊन जाणं हे मत देण्यापेक्षा कितीतरी सोपं काम होतं.

अंगणात, जेवण वाढण्याआधी: (हे मत पुरतं बनायला वेळ मिळाला नाही)

टेबलावर दोन ढीग. उजवीकडं क्रिनाचे डबे, तपकिरी, खरखरीत, राळेचा वास येणारे, एकही दुसऱ्यासारखा नाही. डावीकडं डेअरीचे, चकचकीत, सगळे एका आईची लेकरं. मधोमध गव्हाचा गोड कोलिवा, वर अक्रोडाचा क्रूस. आबा डोक्याशी बसून त्या क्रुसातला एक अक्रोड कुणाचं लक्ष नाही असं पाहून उचलत होते.

ओक्तावियान आला तो सरळ क्रिनाकडं गेला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. कोर्नेलला वाटलं, आता सुरू होणार. आपण हो म्हणायचं आणि गप्प बसायचं.

"माझी पुतणी म्हणते ते बरोबर आहे," ओक्तावियान म्हणाला. "मी चुकत होतो."

क्रिनानं मान वळवून त्याच्या हाताकडं पाहिलं, खांद्यावर पक्षी येऊन बसल्यासारखं.

त्यानं सगळं समजावून सांगितलं. साल काढली की आत खोड उरतं. इतकं सरळ खोड खालच्या सॉमिलवाल्यानं बऱ्याच दिवसांत पाहिलेलं नाही. त्या लाकडाच्या पैशात डेअरीचा नवा बॉयलर बसेल. साल क्रिनाची, लाकूड डेअरीचं, व्हिएन्नाचं गिऱ्हाईकही टिकलं, सगळेच खूश. आरावाल्याशी बोलणं झालंय, तो सोमवारी येईल. रस आहे तोवर राई उतरवून घ्यायची.

"सगळी नाही, काका," क्रिना म्हणाली. "मी दरवर्षी थोडी थोडी म्हटलं होतं. जुनी तेवढीच."

"आरा वर चढवायचा आणि अर्ध्यावर थांबायचं? असं कोण करतं?"

लेओन्तिना म्हणाली, तिला दोघांचंही पटतंय. आणि मग तिघांनी मिळून कोर्नेलकडं पाहिलं. राई त्याच्या नावावर होती, तिथं त्याच्या 'हो'वाचून कुऱ्हाड लागणार नव्हती. ओक्तावियान प्रेमानं म्हणाला, तू तर जानेवारीतच दिलीयस, आता नुसतं सांगायचं.

कोर्नेल ओक्तावियानच्या तोंडाकडं पाहत राहिला. ज्या भिंतीला टेकून तो जन्मभर उभा होता ती भिंतच उठून पलीकडच्यांच्या बाजूला जाऊन बसली होती. आता 'नाही' कोण म्हणणार? त्यानं आजूबाजूला पाहिलं, अंगणात आणखी कुणी आहे का ते. आबा होते. आबांनी दुसरा अक्रोड तोंडात टाकला.

कोर्नेलनं तोंड उघडलं. फाटकाशी पाद्रीबाबांचा काळा झगा दिसला आणि गाव आत आलं.

दान देताना: मत नाही

टेबलाच्या एका बाजूला कोर्नेल, दुसऱ्या बाजूला रांग. वेणीसारखा गुंफलेला पाव, पेटवलेली मेणबत्ती, चीजचा डबा, हातात ठेवायचं, म्हणायचं, "हे सावेता मोशोयूच्या आत्म्यासाठी." समोरचा म्हणणार, "देव तिला क्षमा करो." संपलं. पुढचा.

दोघांनाही शब्द दिला होता, म्हणून तो एक उजवीकडचा, एक डावीकडचा असं देत गेला. त्याला वाटलं, हे कुणाच्या लक्षात येणार नाही. अंगणाच्या टोकाला बायका एकमेकींचे डबे हातात घेऊन वास घेऊ लागल्या. हिला साल का, मला पिशवी का? सावेतानं काय माणसं बघून वाटणी केलीय? एकीनं हळूच अदलाबदलीचं सुचवलं तर दुसरी म्हणाली, अगं, आता ते तिचं आहे, तिचं तिच्याशीच कसं बदलशील? यावर दोघी विचारात पडल्या.

नेकिता आला. उंच, वाकलेला, जन्मभर जंगलखात्यात चौकीदारी केलेला, आबांच्या बरोबरीचा. कोर्नेलनं पाव उचलला, डबा उचलला. उजव्या कानाशी क्रिना कुजबुजली, बाबा, सगळी नाही हं, तसं सांगा त्यांना. डाव्या कानाशी ओक्तावियान कुजबुजला, सोमवार, काय?

"हे इलारी मोशोयूच्या आत्म्यासाठी," कोर्नेल म्हणाला.

"देव त्याला क्षमा करो," नेकितानं सवयीनं म्हटलं, आणि डबा घेतला.

इलारी मोशोयू टेबलाच्या डोक्याशी बसून कोबीची गुंडाळी खात होते.

कुणीतरी क्रुसाची खूण केली, कुणी छातीवर थुंकल्यासारखं केलं, अपशकुन उडावा म्हणून. लेओन्तिनाला रडू फुटलं. पाद्रीबाबा खाकरले आणि म्हणाले की चुकून उच्चारलेलं नाव धरलं जात नाही. पण ते जरा वेगानं म्हणाले, त्यामुळं कुणालाच खात्री वाटली नाही. नेकिता डबा दोन्ही हातांत धरून उभा. ठेववेना, नेववेना. मेणबत्तीचं मेण त्याच्या बोटांवर ओघळत होतं.

आबांनी घास गिळला.

"कशातलं दिलंस?"

"काय, आबा?"

"मला कशातलं दिलंस? सालीतलं की पिशवीतलं?"

कोर्नेलनं नेकिताच्या हाताकडं पाहिलं. "पिशवीतलं."

"बरं केलंस. मला तिकडं जायला अजून वेळ आहे. सालीतलं तोवर वाळून जाईल."

हसण्याचा असा लोट उठला की पाद्रीबाबांनीही कोलिवाच्या ताटाआड तोंड लपवलं. ओक्तावियान म्हणाला, बघ, जाणकार गिऱ्हाईक. मग एकदम त्याला आठवलं की आपण आता सालीच्या बाजूचे आहोत, आणि तो थांबला. क्रिनाचं हसू तिच्या चेहऱ्यावर अर्धवटच राहिलं.

नेकिताही सैलावला. म्हणाला, "इलारी, सुरुवात झालीच आहे तर एकट्या चीजवर भागवू नकोस. सावलीही मागून घे. आमच्या चुलत्यानं जिवंतपणी अक्रोडाचं अख्खं झाड स्वतःच्या नावानं दान करवून घेतलं होतं, वाटेवरच्या लोकांसाठी. आठवतं? अजून त्याची फांदी तोडायची कुणाची टाप नाही."

सगळ्यांनाच आठवत होतं. रस्त्यानं त्या झाडाला वळसा घातलेला आहे.

"खरंच की," आबा म्हणाले. "वरची राई दे मला, कोर्नेल. तिथं गार असतं."

ते हे नुसतं जेवता जेवता म्हणाले. त्यांना ना आऱ्याचं ठाऊक होतं ना बॉयलरचं. पण कोर्नेलला समोर एक दार उघडलेलं दिसलं, इतकं रुंद की त्यातून मेंढ्यांचा कळप जाईल. मेणबत्ती उचलायची. नेकिताचा हात धरायचा. म्हणायचं, ती राई इलारीच्या सावलीसाठी. बस्स. मग ओक्तावियान आरा आणणार नाही, क्रिना साल काढणार नाही, आणि कोर्नेलनं कुणालाच नाही म्हटलेलं नसेल. नाही म्हटलं ते परलोकानं. परलोकाशी कोण भांडतं?

त्यानं मेणबत्ती उचलली.

क्रिना त्याच्याकडं पाहत होती. रागानं नाही. काही तरी समजून घ्यायचा प्रयत्न करणाऱ्या माणसासारखी, कपाळाला आठी घालून, डब्याचं बूड गळून पडलं की ती भट्टीसमोर बसून पाहायची तशी. ती उद्या विचारेल, बाबा, असं का केलंत? तो म्हणेल, आबांची इच्छा. ती जाईल. मग रविवारी फोन दोन येतील. दोन्ही फोनांवर तो सांगेल की इकडं सगळं ठीक आहे.

त्यानं मेणबत्ती खाली ठेवली. ती आडवी पडली आणि विझली.

"क्रिना," तो म्हणाला, "मला ती झाडं तोडायची नाहीत."

मत: झाडं तोडायची नाहीत. पुढचं माहीत नाही

गाव होतं, पाद्रीबाबा होते, पाव संपायचे होते. लेओन्तिना पुढं झाली, कोर्नेलला कोपरानं बाजूला सारलं आणि उरलेलं दान नाक ओढत ओढत स्वतः देऊ लागली, नाव मात्र प्रत्येक वेळी खणखणीत घेत. कोर्नेल, ओक्तावियान आणि क्रिना विहिरीपाशी गेले. तिथं जाईपर्यंत ओक्तावियान बोलायला लागलेलाही होता.

त्याचं म्हणणं, झाडं नाहीत म्हणजे प्लास्टिक. ठीक आहे, त्याचं तेच पहिलं मत होतं, तो परत तिकडं येतो.

"नाही," कोर्नेल म्हणाला. "तेही नको. आईला कात्री सापडत नाही."

ओक्तावियाननं क्रिनाकडं पाहिलं, ह्याला ऊन लागलंय का असं.

"मग कशात बांधायचं? सांग. सालीत नाही, पिशवीत नाही. हवेत? व्हिएन्नाला काय कळवू?"

"मला माहीत नाही."

"माहीत नाही हे काय मत झालं?"

"माझं तेच आहे," कोर्नेल म्हणाला. त्यानं दोन्ही हात विहिरीच्या कठड्यावर ठेवले. ओक्तावियान काही तरी पुटपुटत टाय काढून खिशात कोंबत निघून गेला. आता लेओन्तिनाला आपल्या बाजूला वळवायला गेला असणार, पण आपली बाजू कुठली हे त्याला वाटेत ठरवावं लागणार होतं.

क्रिना तिथंच थांबली.

"जानेवारीत तुम्हीच म्हणालात, हवी तेवढी साल काढ."

"म्हणालो."

"मी मागितली नव्हती. मी लगद्याचे डबे करत होते. तुम्ही राई दिलीत म्हणून ते सोडले."

"हो."

"मग का दिलीत?"

"तू जाऊ नयेस म्हणून."

अंगणातून लेओन्तिनाचा आवाज येत होता, सावेता मोशोयूच्या आत्म्यासाठी, आणि उत्तर, आणि पुन्हा. क्रिनानं बादलीतलं पाणी ओंजळीनं घेऊन तोंडावर मारलं. तिचं तोंड भिजलेलं असताना ती रडत होती की नाही हे कळायला मार्ग नव्हता, आणि कोर्नेलला वाटलं, तिनं ते त्यासाठीच केलं असावं.

"मला वाटत होतं तुम्हाला ती झाडं काढून टाकायचीच आहेत," ती म्हणाली. "इतक्या सहज दिलीत. मला तर तिथं आरा लावायच्या विचारानं झोप येत नव्हती. पण म्हटलं, बाबांनी दिलीय, आता मागं कसं फिरायचं?"

"तूही का?"

"मीही."

दोघं बाप-लेक विहिरीशी उभे राहिले, एकमेकांच्या भिडेखातर डोंगर बोडका करायला निघालेले. कोर्नेलच्या मनात आलं, आता ती राहील. इतकं बोलणं झाल्यावर माणूस कुठं जातो?

"मी ग्राझला हो कळवते, बाबा," क्रिना म्हणाली. "उद्या रविवारची बस पकडते. लगद्याच्या डब्याला आतून काय लावलं म्हणजे मीठ त्याला खाणार नाही, ते मला इथल्या भट्टीत नाही कळायचं. तिकडं यंत्रं आहेत. आपलं चीज घेऊन जाते, चांगला मोठा गोळा, त्यावरच करून बघायला लागेल. त्यांच्या चीजमध्ये मीठ कुठं असतं?"

नको जाऊस, असं म्हणायला हवं होतं. आज एकदा नाही म्हणून झालं होतं, दुसरं जिभेवर तयार होतं. पण ते त्याच्यासाठी होतं, तिच्यासाठी नव्हतं. ते त्यानं गिळलं. हे गिळणं नेहमीच्या गिळण्यासारखंच लागतं की वेगळं, हे त्याला नीट कळलं नाही.

"फोन रविवारी करत जाऊ नकोस," तो म्हणाला. "रविवारी तुझी आई करते. तू बुधवारी कर."

"बुधवारी तुम्ही वर असता, राईत. तिथं रेंज नाही."

"मी खाली येईन."

तळघरात

गाव गेलं होतं. वर ओक्तावियान आणि लेओन्तिना व्हिएन्नाला फोन कोणी करायचा यावर बोलत होते. दोघांचंही म्हणणं, दुसऱ्यानं. आबांनी रेडिओ लावला होता.

कोर्नेलनं पिंपातून गोळा काढला. जड, पिवळसर, ओला, बोटं उमटतील असा. तो फळीवर ठेवून तो आजूबाजूला पाहू लागला. एका खुंटीला डेअरीच्या पिशव्या लटकत होत्या. बस ग्राझला पोचायला रात्र आणि अर्धा दिवस लागतो, चीज पाझरेल, शेजारच्या प्रवाशाच्या कपड्यांना वास लागेल. त्यानं एक पिशवी ओढली. परत अडकवली. कोपऱ्यात सालीचे तुकडे होते. त्यातला एक मोठासा उचलून गोळ्याभोवती धरला, तर मध्ये हातभर फट राहिली. एक धुतलेलं पंचासारखं फडकं होतं, ते चीज गाळायचं. ते दिलं तर उद्या गाळणार कशात?

त्यानं जिन्याच्या तोंडाशी येऊन वर हाक मारली.

"क्रिना, कशात बांधू?"

वर रेडिओ चालू होता. थोड्या वेळानं तिचं उत्तर आलं. ती दुसऱ्याच कुठल्या तरी कामात होती, तिला त्यात विशेष काही वाटलं नसावं.

"तुम्हीच ठरवा, बाबा."

कोर्नेलनं चीजचा उघडा गोळा दोन्ही हातांत घेतला, छातीशी धरला, आणि सदरा भिजू देत जिना चढू लागला.